भाऊला फोन लावा

"काकू, फोनची मदत आता कुणीच घेत नाही हो," शर्वरी म्हणाली.

शर्वरी 'कुणाला विचारू?' या टीव्हीवरच्या कार्यक्रमात कामाला आहे. निवडलेल्या स्पर्धकांच्या घरी जाऊन सगळं समजावून सांगणं हे तिचं काम. माझ्या साताऱ्याच्या घरी आली, चहा नको म्हणाली, मग दोन कप प्यायली आणि मला सुधारायला बसली.

हा कार्यक्रम काय आहे ते आधी सांगते. कुणाला काय येतं याचं कौतुक होतं ते दिवस आता गेले. ज्याच्या त्याच्या कानात मणी बसलाय. प्रश्न मनात यायचा अवकाश, मणी कानात उत्तर सांगून मोकळा. मग प्रश्नमंजूषेत बघण्यासारखं काय राहिलं? तेव्हा या लोकांनी डोकं चालवलं. स्टुडिओत मणी बंद करून टाकायचे आणि आमच्या काळातल्या मदती परत आणायच्या. पब्लिकला विचारा, दोन पर्याय उडवा, तज्ज्ञाला बोलवा, ओळखीच्याला फोन लावा. यातली एकच मदत आधी निवडायची आणि शेवटच्या प्रश्नाला वापरायची. कुणाला काय येतं यापेक्षा कोण कुणाला विचारतं, हीच आता गंमत.

शर्वरीचं म्हणणं, पब्लिक घ्या. तिनं मला हिशेबच मांडून दाखवला. समजा शंभर माणसं बसलीत. वीस जणांना उत्तर येतंय, बाकीचे ऐंशी ठोकून देतायत. पण ठोकून देणारे चारही पर्यायांत सारखे विखुरतात आणि त्यांच्या चुका एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात ते वीस, आणि बरोबर उत्तराचा खांब आपोआप उंच होतो. तज्ज्ञाचं म्हणाल तर त्याचा विषय निघाला तर ठीक, नाहीतर तोही तुमच्या-आमच्यासारखाच. दोन पर्याय उडवले तरी उरलेल्या दोनांत छापा-काटा आहेच. आणि फोन ही सगळ्यांत लंगडी मदत. एक माणूस, अर्धं मिनिट, तोही घाबरलेला.

मी म्हटलं, बाई गं, तुझं सगळं पटलं. पण पब्लिकचं उत्तर चुकलं तर भांडायचं कुणाशी? शंभर जणांशी? आणि दोन पर्याय उडवायचे म्हणजे जेवायला बोलावून अर्धं ताट उचलून न्यायचं. मला फोनच हवा, आणि तो माझ्या थोरल्या भावाला, कराडला लावायचाय.

"त्यांचा अभ्यास कशाचा आहे?" तिनं विचारलं.

"कशाचाच नाही," मी म्हटलं. "पण वर्ष होत आलं, तो बोलत नाही. मला त्याला बोलता करायचंय."

शर्वरीनं कप खाली ठेवला आणि मुकाट्यानं 'फोन' असं नोंदवून घेतलं.

भाऊ बोलत नाही, हे आमच्या कराडात दहा वर्षांपूर्वी कुणाला सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. माझा भाऊ अरविंद थोरात बस स्टँडवर कंट्रोलर होता. म्हणजे गाड्यांच्या वेळा बघायच्या आणि खिडकीत बसून लोकांना उत्तरं द्यायची. पाटणची गाडी कधी येणार, असं कुणी विचारलं की हा रजिस्टरकडे न बघता सांगायचा, "निघालीय. आता येईलच. बसा." गाडी कुठं आहे याची याला सुतराम कल्पना नसायची. पण आवाज असा की माणूस निमूट बाकावर जाऊन बसायचा, पिशवीतली भाकरी काढायचा, शेजारच्याशी गप्पा मारायला लागायचा. गाडी तासानं येवो नाहीतर दोन तासांनी, तोपर्यंत तो माणूस सुखात असायचा.

घरी तर विचारूच नका. टीव्हीवर त्या मोठ्या प्रश्नमंजूषांचं वेड नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. कार्यक्रम सुरू झाला की चाळीचा रस्ता ओस पडायचा. आमच्या घरी टीव्ही मोठा, म्हणून अर्धी चाळ आमच्याच खोलीत. आई खाटेवर, मी दाराला टेकून आणि वैजूवहिनी मटार नाहीतर लसूण सोलत कोपऱ्यात. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. स्पर्धकानं फोनची मदत घेतली की भाऊ उठून उभाच राहायचा. फोनवरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत याचं उत्तर तयार. "क. लिहून घे!" आणि अर्ध्या वेळा ते साफ चुकायचं. चाळ खो खो हसायची. भाऊ म्हणायचा, प्रश्नच चुकीचा विचारला त्यांनी.

अहाहा, काय दिवस होते ते. चुकीच्या उत्तरांनी घर भरून वाहत होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. आज कानात बरोबर उत्तर घेऊन बसलेली माणसं बघते तेव्हा मला त्या खोलीची फार आठवण येते.

त्याच खोलीच्या दारात मी एकदा बॅग घेऊन उभी राहिले. नवऱ्याशी पटलं नाही, परत आले. आईनं डोक्याला हात लावला. चाळ दारातून डोकावत होती. भाऊ स्टँडवरून जेवायला आला होता, त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, "वर्षाच्या आत तू नोकरीला लागशील आणि स्वतःच्या पायावर उभी राहशील. लिहून घे." त्याला कशाचा काय पत्ता होता? पण मी हातपाय धुतले आणि पोटभर जेवले. वर्षात नाही, पण चौथ्या प्रयत्नात सरकारी परीक्षा पास झाले. साताऱ्याला नोकरी केली, घर घेतलं, आता पेन्शन खाते.

मग आला काटा.

काट्याचं शास्त्र तसं सोपं आहे. आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे की नाही, हे उत्तर आठवायच्या आधीच मेंदूला कळलेलं असतं. 'जिभेवर आहे पण आठवत नाही' असं आपण म्हणतो ना, तेव्हा आत कुठंतरी ती पावती फाटलेली असते. त्या पावतीचे परिणाम बाहेर दिसतात. डोळ्यांतली बाहुली किंचित मोठी होते, घशातले स्वरतंतू किंचित वेगळे थरथरतात, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला क्षण लांबतो किंवा आखडतो. माणसाच्या कानाला हे कळत नाही. पण लाखो लोकांचे आवाज ऐकवून तयार केलेल्या यंत्राला कळतं. बोलणाऱ्याच्या वाक्यामागे किती खात्री आहे, ते यंत्र शून्य ते दहा असा काटा हलवून दाखवतं. आवाजावरून ओळखायचं तर फोनवरूनही चालतं.

लक्षात घ्या, हे खोटं पकडायचं यंत्र नव्हे. एखादा चुकीचंच पण ठाम समजून बसला असेल तर काटा दहावर जातो. बरोबर-चूक त्याला कळत नाही. तुमचा तुमच्यावर किती विश्वास आहे तेवढंच कळतं. अपघाताच्या जागेवरून लोक फोन करतात, त्यांना नक्की काय दिसलंय आणि किती अंदाज आहे ते कळावं, म्हणून मुळात ते बनवलं होतं. पुढं ते चष्म्यात आलं, फोनमध्ये आलं आणि जिथं तिथं समोरच्याच्या तोंडाशेजारी तो काटा दिसायला लागला.

पहिल्यांदा सगळ्यांना मजा वाटली. शिंप्यानं 'ब्लाउज उद्या देतो' म्हटलं की बायका काट्याकडे बघून फिदीफिदी हसायच्या. लग्नं जमवणाऱ्यांचे वांधे झाले. पण हळूहळू लोकांनी पवित्रा बदलला. जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच बोलायचं. आंबेवाल्याला विचारलं, गोड आहे का रे, तर म्हणतो, "बहुतेक असावा." अरे, बहुतेक गोड आंबा कोण घेईल? परीक्षेला निघालेल्या पोराला आई 'पास होशील' म्हणेना, कारण पोरगं चष्म्यातून बघतंय. घरं शहाणी झाली आणि गप्प झाली.

भाऊनं मात्र काट्याला भीक घातली नाही. "लिहून घे," म्हणायचा, आणि काटा दोनवर असायचा. नातवंडं ओरडायची, आजोबा दोन, आजोबा दोन! हा म्हणायचा, यंत्र बिघडलंय.

गेल्या दिवाळीच्या आधी वैजूवहिनी आजारी पडली. पोटात काहीतरी उठलं होतं आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दवाखान्याचा नियम होता, पेशंटला चष्मा द्यायचा, म्हणजे डॉक्टर जे सांगतील ते किती खात्रीनं सांगतायत हे त्याला दिसावं. डॉक्टर भले होते. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं आणि त्यांचा काटा नऊवर होता, असं तिनंच मला सांगितलं, जेवण झालं का विचारावं इतक्या शांतपणे.

त्या दुपारी भाऊ तिच्या उशाशी बसला होता, मी पायाशी. वहिनीनं विचारलं, "अहो, मी घरी येईन ना?"

"येशील. दिवाळीचे अनारसे तूच करणार आहेस. लिहून घे," भाऊ म्हणाला, अगदी स्टँडवरच्या आवाजात. पण बोलता बोलता त्याची मान खाली गेली.

वहिनीनं चष्मा काढून पांघरुणावर ठेवला आणि म्हणाली, "परत सांगा."

भाऊनं मान वर केली नाही. उठून बाहेर व्हरांड्यात गेला. तो आत आला तोवर वहिनीचा डोळा लागला होता. चार दिवसांनी ती गेली.

त्यानंतर भाऊची वाचाच बसल्यासारखी झाली. विचारलं तर 'हो', 'नाही', 'माहीत नाही'. एवढ्या तीन शब्दांवर त्याचं भागायला लागलं. रोज सकाळी मी फोन करायचे, जेवलास का, तर 'हो'. पुढं काही नाही. वहिनीचा विषय काढला की फोन बंद. मुलगा-सून जीव टाकतात, पण ते तरी काय करणार? मला रडू यायचं आणि रागही यायचा. सत्तरी ओलांडलेला माणूस, आता नाही बोलणार तर कधी बोलणार? मग ही 'कुणाला विचारू?'ची जाहिरात बघितली आणि ठरवलं, याला अख्ख्या महाराष्ट्रासमोर बोलायला लावायचं. मी विचारलं, फोन घेशील ना? भाऊ म्हणाला, माहीत नाही. मी म्हटलं, मग घेशीलच.

कार्यक्रम दुपारचा आणि थेट होता. पुण्याच्या स्टुडिओत माझ्या कानातला मणी काढून घेतला, तोंडाला पावडर लावली आणि मोठ्या खुर्चीत बसवलं. मागच्या पडद्यावर माझा काटा. तो मला दिसत नव्हता, पब्लिकला आणि घरच्या प्रेक्षकांना दिसत होता. पर्याय स्पर्धकानं स्वतः मोठ्यानं वाचायचे असा नियम होता, त्यात लोकांना भारी मजा. कुठल्या पर्यायाला काटा उडतो ते बघायचं आणि टाळ्या पिटायच्या. माझं बरं चाललं होतं. सरकारी परीक्षा चार-चारदा दिल्याचा काहीतरी उपयोग व्हायचाच.

शेवटचा प्रश्न आला. निवेदकानं विचारलं, "'औटघटकेचा राजा' असं आपण म्हणतो. यातला औट म्हणजे किती?"

मला हसूच फुटलं. लहानपणी मी हेच भाऊला विचारलं होतं. तो गल्लीत बॅटिंग करत होता. म्हणाला, सोपं आहे शैले, औट म्हणजे आऊट. घटकाभरात आऊट होतो तो औटघटकेचा राजा. मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून हेच सांगितलं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग त्यांनी औटकीचा पाढा म्हणून दाखवला. औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा. औट म्हणजे साडेतीन. ते मी जन्मात विसरणार नव्हते. भाऊला मात्र हे कधी सांगितलं नाही.

मी पर्याय वाचले. दीड, अडीच, साडेतीन, साडेचार. पब्लिकमध्ये खसखस पिकली, म्हणजे साडेतीनला माझा काटा वर गेला असणार. निवेदक म्हणाला, ताई, तुम्हाला मदतीची गरज दिसत नाही. मी म्हटलं, गरज आहे, माझ्या भावाला फोन लावा.

फोन लागला. आता भाऊचाही काटा समोरच्या पडद्यावर आला. निवेदकानं प्रश्न वाचला, पर्याय वाचले. घड्याळ सुरू झालं. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

"भाऊ, बोल ना," मी म्हटलं.

"माहीत नाही," भाऊ म्हणाला. काटा थेट दहावर गेला आणि सगळा स्टुडिओ हसला.

"ते कळलं रे. तरी सांग."

"काटा दिसतोय ना तिथं सगळ्यांना?"

"दिसू दे. मी तुला विचारतेय."

वेळ संपत आला होता आणि मला वाटलं, गेलं, हा नाही बोलत आता. तेवढ्यात घसा खाकरल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला, दुसरा, देवानं दिलेला.

"अडीच," भाऊ म्हणाला. "अडीचच. लिहून घे."

काटा एकवर पडला होता. फोन बंद झाला. मी काही ठरवून गेले नव्हते. त्याला बोलता करायचं आणि आपलं साडेतीन सांगून मोकळं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. पण वर्षानं त्या आवाजात उत्तर मिळालं आणि त्याच्यावर फुली मारायला माझी जीभच रेटेना.

"अडीच," मी म्हटलं. "हेच माझं उत्तर."

निवेदकानं मागं वळून माझा काटा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. त्यानं तीनदा विचारलं, ताई, नक्की? मी तीनदा हो म्हटलं. उत्तर चुकलं, बक्षिसाची हिमालयाची सहल गेली, लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांचं त्यांना माहीत.

खुर्चीतून उतरून बाहेर येते तोच फोन वाजला. भाऊ. त्यानं आपणहून केलेला वर्षातला पहिला फोन.

"अक्कल आहे का तुला?" असा सुरू झाला तो थांबेचना. फोन ठेवल्यावर तुझा काटा परत दाखवला टीव्हीवर, तेव्हा बघितला मी. साडेतीन म्हणताना दहावर होता, अडीच म्हणताना शून्यावर. तुला येत होतं. येत होतं आणि माझं ऐकलंस. माझा एकवर होता, तो दिसला नाही? गाढव आहेस का? सगळ्या महाराष्ट्रासमोर माझ्यामुळं हरलीस. मी पायरीवर बसले आणि ऐकत राहिले. शिव्या खाताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी तो दमला.

"भाऊ," मी म्हटलं, "तू ठोकून देतोस हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याला काटा कशाला हवा? बॅग घेऊन आले तेव्हा तुला काय ठाऊक होतं? मी तुझ्या एक-दोनवरच सगळं आयुष्य काढलं आणि चांगलं काढलं."

त्याचा आवाज खाली आला.

"वैजूनं पण बघितला होता काटा," तो म्हणाला. "शेवटी खोटं बोललो मी तिच्याशी. परत सांगा म्हणाली मला. चष्म्यातून बघत, परत सांगा म्हणाली."

मला आधी काही उमगेच ना. मग लख्ख डोळ्यांसमोर आलं. याची मान खाली होती. यानं बघितलंच नव्हतं.

"चष्मा कुठं होता रे तिच्या डोळ्यांवर?" मी म्हटलं. "तो तिनं काढून पांघरुणावर ठेवला होता. मी समोर होते. काढून ठेवला आणि मग म्हणाली. डॉक्टरांना विचारून झालं होतं तिचं, भाऊ. त्यांचा नऊचा काटाही तिनं बघितला होता. खरं काय ते कळायला तिला तुझी गरज नव्हती. तुझ्या तोंडून फक्त ऐकायचं होतं तिला, पुन्हा एकदा."

फोनमधून लहान पोरासारखं मुसमुसणं ऐकू आलं, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. आत स्टुडिओत पुढचा स्पर्धक पब्लिकला विचारत होता आणि शंभर जण त्याला बरोबर उत्तर देत होते.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोपऱ्यात बसून हसायची ती माझ्यावर," भाऊ म्हणाला. "कळायचं तिला सगळं. उत्तरंही यायची."

"यायची की. पण कधी मधे बोलली का?"

त्यानं नाक शिंकरलं, पाणी प्यायलं, ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

"किती होतं गं ते? औट म्हणजे?"

"साडेतीन."

"मग अडीच काय वाईट होतं," भाऊ म्हणाला. "एकानं तर हुकलं."